लग्नाच्या यादीतलं शेवटचं पान: केटरिंगचा माल पर्यावरण सांभाळून कसा घ्यावा?

आर्णीकरीण | ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीजवळ आमचा केटरिंगचा धंदा आहे. सासऱ्यांनी उभा केला, आता मी आणि नवरा पाहतो. साक्षगंध, लग्न, बारसं, तेरवी, शाळेचं गॅदरिंग. दीडशे पानांपासून हजारापर्यंत.

आमच्या गोडाऊनमागं ज्यांचं वावर आहे ते काका परवा घरी आले. हातात वखराची पास, म्हणजे माती खरवडणारं लोखंडी पातं. तिला चमच्यांचे तुकडे, ग्लासांच्या कडा आणि पत्रावळीचा चंदेरी पापुद्रा असा गच्च गुंडाळला होता की खालचं लोखंड दिसत नव्हतं. काका भांडले नाहीत. पास ओट्यावर ठेवली, चहा घेतला आणि म्हणाले, "पोरी, तुह्या लग्नातले चमचे माह्या वावरात उगवून राहिले." तेव्हापासून ती पास डोळ्यांपुढून हलत नाही.

आमच्याकडे माल कसा ठरतो ते सांगते. आचारी वहीची तीन पानं भरून यादी देतो. पहिल्या पानावर किराणा, दुसऱ्यावर भाजीपाला आणि दूधदुभतं. तिसऱ्यावर 'पत्रावळ ६००, द्रोण १२००, ग्लास २०००, चमचे, टेबलाचा रोल, पाण्याचे जार'. पहिल्या दोन पानांवर घरातली मोठी माणसं तासभर बसतात, डाळीचा दाणा दाताखाली चावून पाहतात. तिसरं पान कोणी वाचत नाही. त्याच्यावरचा माल सकाळी येतो आणि रात्री फेकल्या जातो.

आता बहुतेक ठिकाणी आम्ही पूर्ण ठेका घेतो, म्हणजे यादी आमचीच असते. दोष दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. येत्या उन्हाळी सीझनमध्ये निदान चार-पाच लग्नं तरी वेगळ्या पद्धतीनं करायची असं दोघांनी ठरवलं आहे. पळसाच्या पत्रावळी हजारानं आणि वेळेवर मिळतात का? स्टीलची ताटं घेतली तर मे महिन्यात धुवायचं पाणी कुठून आणायचं? आणि गिऱ्हाईक 'हलकं काम केलं' म्हणून पैसे कापणार नाही ना? पत्रावळीवरच थांबू नका. तेल, भाजी, गॅस, गाडी, सगळ्यावर बोला. करून पाहिलेलं सांगा.

गोळाभात | ९ फेब्रुवारी

काका बोलले कमी आणि सांगून गेले भरपूर. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

पुण्यातला_वऱ्हाडी | ९ फेब्रुवारी

ताई, कायद्याची बाजू आधी लिहितो. राज्यानं मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. त्यात पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार दंड आणि कैद अशी तरतूद आहे. १ जुलै २०२२ पासून केंद्रानं देशभर प्लास्टिकच्या ताटल्या, कप, ग्लास, चमचे, काटे, स्ट्रॉ आणि सजावटीचं थर्माकोल बंद केलं. त्याच महिन्यात राज्यानं प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या-कपांनाही बंदीत घेतलं. तुमची चंदेरी पत्रावळ बहुधा त्यातच येते.

वखरपास | १० फेब्रुवारी

दादा, कायदा तुमचा बराबर हाय, पण तालुक्याच्या दुकानात तोच माल उघडा टांगून ठेवला असते. लोकायले वाटते का कागदच हाय. मी एक करून पाह्यलं. चंदेरी पत्रावळ रातभर घमेल्यात भिजवली. सकाळी कागदाचा लगदा झाला अन् वरचा पापुद्रा अख्खाच्या अख्खा निघून आला, सापाच्या कातीसारखा. पोरायले दाखवला. तोच पापुद्रा पासेले गुंडाळते. वखर चालतच नाही मंग, दर तासाले थांबून ईळ्यानं कापा लागते.

आर्णीच्या ताई, तुमच्या काकायचं दुखणं मले माहीत हाय म्हून लिहून राहिलो. माह्या धुऱ्याले लागूनच लग्नाचं लॉन झालं.

मोहफूल | १० फेब्रुवारी

मी गडचिरोली जिल्ह्यातला. आमच्याकडच्या बाया पत्रावळी करतात, म्हणून पळसाबद्दल खात्रीनं सांगू शकतो.

ताई, तुमच्या प्रश्नात एक अडचण लपली आहे. आत्ता फेब्रुवारीत पळसाकडे पाहा. पानं झडून गेली आहेत आणि झाड नुसतं केशरी पेटलं आहे. नवी पालवी चैत्र-वैशाखात येते, आणि कोवळं पान पत्रावळीला चालत नाही, शिवताना फाटतं. म्हणजे एप्रिल-मेच्या लग्नात जी पत्रावळ लागते तिचं पान मागच्या वर्षी तोडून, वाळवून, गठ्ठे बांधून कोरड्या जागी ठेवलेलं असावं लागतं. टाचायच्या आधी त्याच्यावर पाण्याचा हबका मारून मऊ करतात, मग बांबूच्या काड्यांनी टाचतात. लोक लग्नाच्या आठ दिवस आधी फोन करतात, 'हजार पाठवा'. नाही मिळत मग. मग म्हणतात, 'गावच्या मालाचा भरवसा नाही'. भरवशाला काही झालेलं नाही, मागणी उशिरा आली.

दुसरं, हातानं टाचलेल्या पत्रावळीत पातळ रस्सा थांबत नाही. म्हणून काही व्यापारी दोन पानांच्या मधात प्लास्टिकचा कागद घालून मशिनवर दाबतात आणि वर 'नैसर्गिक' लिहितात. घेताना एक पत्रावळ उसवून पाहा. मधात साधा जाड कागद असेल तर चालेल.

वनहक्क कायदा २००६ प्रमाणे गौण वनोपजावर, म्हणजे पानं, बांबू अशा जंगलातल्या मालावर, ग्रामसभेचा हक्क आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे त्यांनी स्वतः बांबू विकला. त्यामुळे पानं चोरून आणलेली नाहीत, बाईला तिचे पैसे मिळाले, हे विचारायची आणि दाखवायची सोय आता आहे. ज्या गावाकडून माल घ्याल तिथल्या ग्रामसभेला विचारा. झाड ओरबाडून पानं तोडली की पुढच्या वर्षी फुटवा कमी येतो, हेही त्यांनाच माहीत असतं.

आर्णीकरीण | १० फेब्रुवारी

मोहफूल दादा, मधात काय असतं हे उसवून पाहायचं कधी डोक्यातच आलं नाही. आजच गोडाऊनमधली एक 'पळस' लिहिलेली पत्रावळ उसवली. मधात पन्नीच निघाली. दोन वर्षांपासून हीच घेत होतो.

खारपाणी | ११ फेब्रुवारी

आम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. जमिनीखालचं पाणी खारट, ढोरंही तोंड लावत नाहीत. प्यायचं पाणी पाइपलाइनचं, आणि उन्हाळ्यात ते कितव्या दिवशी येईल याचा नेम नाही. इथं स्टीलचं ताट धुवायला टँकर बोलवावा लागतो. टँकर दूरवरून डिझेल जाळत येणार. मग पर्यावरण कुठं राखलं? माझं म्हणणं एवढंच की शहरातले लोक 'स्टील वापरा' असं सरसकट सांगतात, ते आमच्या गावात चुकीचं ठरतं. आमच्यासाठी पानच खरं.

खाऱ्या पाण्यात स्टीलवर पांढरे डाग पडतात, हे वेगळंच. पाहुणा ताट बोटानं पुसून पाहतो.

सेलूची_सून | ११ फेब्रुवारी

खारपाणी दादांचं त्यांच्या भागापुरतं पटतं. आमच्या वर्धा जिल्ह्यात विहिरीला पाणी आहे, म्हणून आम्ही स्टील केलं. आमच्या बचत गटाकडे ४०० ताटं, ८०० वाट्या, ४०० ग्लास आणि चमचे आहेत. पूर्वी गावच्या मंदिरात पंगतीची भांडी असायची, नाव कोरलेली. सासूबाई सांगतात, लग्नघर ती घेऊन जायचं आणि घासून परत द्यायचं. तेच आम्ही भाड्यानं करतो. धुणाऱ्या बायांची मजुरी भाड्यातच धरली, नाही तर ते काम शेवटी लग्नघरच्याच बायांच्या अंगावर पडतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण 'पर्यावरणासाठी स्टील' म्हणणाऱ्या बापे माणसांना रात्री बारा वाजता ताटं कोण घासतं ते दिसत नाही.

पाण्याचं आम्ही टाकीवर खूण करून मोजलं. नळाखाली एकेक ताट धुतलं तर टाकी पुरली नाही. मग तीन टब मांडले. पहिल्यात खरकटं सोडवायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. वाट्या-ग्लास धरून ३०० माणसांचं साडेसहाशे लिटरमध्ये निघालं. पहिल्या टबचं पाणी गाळून शोषखड्ड्यात, त्याच्या कडेला केळी लावल्या आहेत. राख वापरली तर साबण अर्धा लागतो, फक्त राख चाळून घ्या.

चमचे मोजून घ्या. ४०० चे आता ३६० राहिले आहेत.

नांदेपेऱ्याचा_बाप | १२ फेब्रुवारी

मी थोडं उलट बोलतो, राग मानू नका. एप्रिलमध्ये पोरीचं लग्न आहे. कापूस घरात पडून आहे, भावाची वाट पाहतो आहे. सावकार वेगळा, सोसायटी वेगळी. अशा माणसाला कोणी म्हटलं की पत्रावळीमागं दोन रुपये जास्त द्या, वसुंधरा वाचवा, तर त्याला काय वाटेल? ५०० पानांचे हजार रुपये होतात. हजारात नवरीच्या बांगड्या येतात. आणि पाहुण्यांसमोर पानाची पत्रावळ मांडली तर सोयरे म्हणतील, पैसे नव्हते. तुम्ही धंदेवाले तुमच्या नफ्यातून करा. गरिबाच्या लग्नावर प्रयोग नको.

आर्णीकरीण | १२ फेब्रुवारी

दादा, राग कशाचा. तुम्ही बोललात ते गिऱ्हाईक माझ्यासमोर बसून बोलत नाही, मनात ठेवतं. म्हणून उलट आभार. तुमचं म्हणणं मी हिशेबात धरते: दर वाढवायचा नाही, दुसरीकडून वाचवून भरून काढायचं. कसं ते सुचवा कोणी.

बिछायतवाला | १२ फेब्रुवारी

सुचवतो. बुफे बंद करा, पंगत बसवा. नांदेपेऱ्याच्या दादांचे हजार रुपये तिथंच निघतात.

बुफेत माणूस पुन्हा रांगेत लागायला नको म्हणून पहिल्यांदाच ताट डोंगरासारखं भरतो. पंगतीत वाढपी विचारून वाढतो. माझी बिछायत आहे, केटरिंग नाही, पण रात्री गाद्या-खुर्च्या गोळा करायला मी सगळ्यांत शेवटी थांबतो, म्हणून कचऱ्याचा ढीग मीच पाहतो. बुफेच्या लग्नात ढिगात अख्ख्या पोळ्या, अख्खे गुलाबजाम असतात. पंगतीच्या लग्नात सालं आणि हाडं. ते धान्य, ते तेल, तो गॅस, ती गाडी, सगळं लागूनच फेकल्या जाते. पत्रावळीपेक्षा ते मोठं नुकसान आहे असं माझं मत.

वाढायला गावातले पोट्टे लागतात. आमच्याकडे अजून वाढतात. त्यांना आधी जेवू घाला म्हणजे मन लावून वाढतात.

वखरपास | १२ फेब्रुवारी

बिछायतवाले भाऊ, सोळा आणे. माह्या पुतण्याच्या लग्नात पंगत होती तं वरण-भात संपला तेव्हा फकस्त आचारी अन् मी जेवाचे राहिलो होतो. मटकीची उसळ अन् पोळी खाल्ली दोघायनं, मजेत.

गुरांचा_डॉक्टर | १३ फेब्रुवारी

उरलेल्या अन्नाचा विषय निघाला म्हणून लिहितो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लोक पुण्य म्हणून भात, पोळ्या, बुंदी गाईपुढे ओततात. कृपा करून असं करू नका. जनावराचं पोट चाऱ्यासाठी बनलेलं आहे. शिजवलेलं धान्य एकदम पोटात गेलं की तिथं आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, जनावर बसून घेतं, आणि उशीर झाला तर मरतं. लग्नसराईत मला असे फोन हमखास येतात.

आणि पत्रावळी. अन्नाचा वास असतो म्हणून गाय चंदेरी पत्रावळ सगळीच गिळते. दोन वर्षांपूर्वी एका गाईचं पोट उघडलं. हात कोपरापर्यंत आत घातला आणि ओढत राहिलो. पन्न्या, दोऱ्या, चमचे, लग्नपत्रिकेचं प्लास्टिक, सगळं एकमेकांत विणून दोर झाला होता. पाटी भरली. गाय वाचली, पण सहा महिन्यांची गाभण होती, वासरू गेलं. मालकिणीनं त्या पाटीकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हे कोणाच्या घरचं असन जी?"

आर्णीकरीण | १३ फेब्रुवारी

डॉक्टर साहेब, हे माझ्या माणसांना वाचून दाखवणार आहे.

तेलघाणी | १५ फेब्रुवारी

तेलाबद्दल. तळलेलं तेल किती वेळा वापरायचं याला नियम आहे: तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. १ जुलै २०१८ पासून लागू. मोजायचं यंत्र आपल्याकडे कुठलं असणार? ओळख म्हणून फेस बसत नसेल, धूर लवकर येत असेल, रंग काळपट आणि हाताला चिकट लागत असेल तर तेल गेलं समजा. पुढं त्याचं काय करायचं? आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची 'रूको' योजना २०१८ पासून आहे, त्यात असं तेल गोळा करून बायोडिझेलला देतात. पण गोळा करणारा दहा लिटरसाठी तालुक्याला येत नाही. आम्ही चार केटरर आणि दोन नाश्त्याच्या गाड्या मिळून एकाच ठिकाणी पिंप भरतो, भरलं की नागपूरला जाणाऱ्या गाडीत देतो. पिंपावर 'खाण्याचे नाही' असं मोठं लिहा. जळकं तेल स्वस्तात मागणारे येतात, त्यांना देऊ नका, ते पुन्हा कोणाच्या तरी भज्यात जातं.

विकत घेताना १५ किलोचे डबे घ्या, पाऊच नको. रिकामा डबा विकल्या जातो, पाऊच उकिरड्यावर जातो.

पानगेवाली | १५ फेब्रुवारी

पळसाचं चाललं आहे तर पानगे कोणीच का काढले नाहीत? शेतातल्या पार्टीत कणकेचे गोळे पानावर थापून पानानंच झाकायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे. ताट नको, तवा नको.

गोळाभात | १५ फेब्रुवारी

पानगे की रोडगे? आमच्याकडे रोडगेच. पान नाही, थेट विस्तवात.

पानगेवाली | १५ फेब्रुवारी

रोडग्याला पानाचा वास येत नाही दादा. वांग्याच्या भाजीसोबत पानगा खाऊन पाहा, मग बोलू.

खारपाणी | १६ फेब्रुवारी

दोन्ही. वरून तूप. पुढे चला.

धानपट्टा | १८ फेब्रुवारी

भंडारा जिल्ह्यातून. मी एका कारखान्याची कँटीन चालवतो, रोज साडेतीनशे जेवणं. मागच्या वर्षी कंपनीनं मला फॉर्म पाठवला: माल कुठून घेता, किती अंतरावरून येतो, वेष्टन कशाचं, कचरा कुठं जातो. आधी वैतागलो. मग कळलं की सेबीनं शेअर बाजारातल्या मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा हिशेब देणारा अहवाल सक्तीचा केला आहे, म्हणून मोठ्या कंपन्या आता पुरवठादारांनाही विचारू लागल्या. आज कँटीनवाल्याला विचारतात, उद्या कार्यक्रमाला जेवण देणाऱ्या केटररलाही विचारतील. ताई, पावत्या आत्तापासून जपून ठेवा.

फॉर्म भरताना जे कळलं ते सांगतो. माझा तांदूळ नागपूरच्या व्यापाऱ्याकडून यायचा. पोत्यावरच्या मिलचं नाव पाहिलं तर मिल माझ्या घरापासून अकरा किलोमीटरवर! आमच्याच शिवारातला धान तिथं भरडल्या जातो, पोती नागपूरला जातात, आणि मी गाडी भरून परत आणतो. कित्येक वर्षं. डिझेल, हमाली, अडत, सगळं माझ्याच खिशातून. आता सरळ मिलमधून घेतो. नांदेपेऱ्याच्या दादांचा पैशाचा प्रश्न होता, माझा तरी पैसा इथं वाचला.

बिलाची अडचण येते. शेतकरी बिल देत नाही. जवळ शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर डाळ, हळद, मिरची तिच्याकडून घ्या, पक्कं बिल मिळतं. हळद समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची, मिरची भिवापूरची. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि दोन्ही आपल्याच भागातल्या.

आणि कळकळीनं एक सांगतो. पत्रावळी करणाऱ्या, मसाला कुटणाऱ्या बायांचे पैसे तटवू नका. मोठे पुरवठादार दोन महिने थांबतात, बाई थांबू शकत नाही, ती दुसऱ्या दिवशी मजुरीला जाते आणि आपली साखळी तिथंच तुटते. उद्यम नोंदणी (सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते थकवले तर आयकरात त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. गटाची उद्यम नोंदणी करून द्या, फुकट होते. मी तर अर्धे पैसे आगाऊ देतो.

नांदेपेऱ्याचा_बाप | १९ फेब्रुवारी

धानपट्टा दादा, तांदळाचं वाचून मी आमच्या डाळीचं विचारलं. तूर आमची, विकली तालुक्यात, डाळ आली अकोल्याहून. बायको म्हणाली, जात्यावर भरडू घरची, लग्नापुरती. ४० किलो भरडली. लग्नाचं म्हणाल तर पंगत करायला आमची तयारी आहे. पत्रावळीवर अजून विचार चालू आहे.

कोलारा_गेट | २१ फेब्रुवारी

ताडोब्याच्या कोलारा गेटजवळ आमच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांना घरचं जेवण देतो. पाण्याच्या बाटल्यांचा ढीग पाहून रांजण ठेवले, वाळा टाकलेले. पहिल्या महिन्यात पाहुणे शंका घ्यायचे. मग गाळणी यंत्र रांजणाच्या शेजारी, डोळ्यांसमोर लावलं आणि पाणी तपासल्याचा प्रयोगशाळेचा कागद भिंतीवर चिकटवला. शंका संपली. आता घरी नेण्यासाठी वाळा मागतात. लग्नातही जार दिसला पाहिजे, कुठून भरला ते सांगता आलं पाहिजे.

मेन्यू मात्र मोसमाचा ठेवा. मे महिन्यात फुलकोबी आणि मटार कुठून येतात ते कधी गाडीवाल्याला विचारा. कोहळं, वांगे-आलू, कैरीचं पन्हं, आमरस हे सगळं वीस किलोमीटरच्या आत मिळतं. पनीर बर्फात थर्माकोलच्या पेटीतून येतं, ती पेटी पुन्हा आपल्याच गावात राहते.

बिछायतवाला | २१ फेब्रुवारी

गाडीबद्दल राहिलं होतं. माझा छोटा हत्ती बिछायत टाकायला जातो आणि रिकामा परत येतो. केटररचा टेम्पो त्याच रस्त्यानं, वेगळा. आता आम्ही दोघं तारखा जुळवतो, भांडी आणि गाद्या एकाच फेरीत. लग्नाचं फ्लेक्सही बंद केलं. कापडी पडदा ठेवला आहे, नावं अक्षरं टाचून बदलतो. फ्लेक्सवाला नाराज आहे, त्याला कापडावर अक्षरं कापायचं काम दिलं.

सेलूची_सून | २२ फेब्रुवारी

गॅसबद्दल: आमच्या गटातल्या एकीनं लग्नाचं सगळं खरकटं एका दिवशी गोबरगॅसमध्ये ओतलं. गॅस बंद पडला, आंबट वास. पंधरा दिवस नुसतं शेण घालून सावरला. खरकटं थोडं थोडं, शेणात कालवून घालावं लागतं. ५० किलो शेणावर दोन घनमीटर गॅस धरतात, तो साधारण एक किलो सिलिंडरच्या गॅसइतका. घरच्या चहा-भाजीला पुरतो, लग्नाच्या भट्टीला नाही. लग्नासाठी गॅसच ठेवा, फक्त शेगडीला वाऱ्याचा आडोसा करा. पत्र्याचा आडोसा केल्यापासून आमचा एक सिलिंडर वाचतो.

आर्णीकरीण | २४ मे

मंडळी, तीन महिन्यांनी येते आहे. सीझन संपत आला. पाच ठरवली होती, सात लग्नं झाली.

मोहफूल दादांनी जोडून दिलेल्या गटाकडून ३००० पत्रावळी आणि ५००० द्रोण आगाऊ सांगितले. त्यांच्याकडे मागच्या वर्षीच्या पानांचे गठ्ठे होते म्हणून जमलं. अर्धे पैसे आधी दिले. चंदेरी पत्रावळ आम्हाला दोन रुपयांच्या आत पडायची, ही साडेतीनला दारात पोचली. सातपैकी पाच लग्नांत पंगत झाली. त्या पाचही ठिकाणी भात आणि पोळ्या नेहमीपेक्षा कमी लागल्या, पत्रावळीचा फरक निघून वर थोडं उरलं. दोन लग्नांत बुफेच हवा होता, तिथं सेलूच्या ताईंचं पाहून आमच्या गावच्या गटाकडून २५० ताटं केली, तीन टब मांडले. ही दोन्ही गावं विहिरीच्या पाण्याची होती, म्हणून शक्य झालं.

फसलं ते पण सांगते. दिग्रसकडच्या एका लग्नात कढी होती. पळसाच्या द्रोणातून गळली, दोन पाहुण्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर डाग पडले. वरपक्ष खूप बोलला. मी दोन्ही पायजमे धुवून, इस्त्री करून दुसऱ्या दिवशी पोचवले. पैसे कापले नाहीत, पण ते घर पुन्हा बोलावेल की नाही माहीत नाही. चमचे मात्र आम्ही सगळीकडे स्टीलचेच ठेवले, आणि डब्याजवळ मुद्दाम एक पोरगा बसवला. ११ गेले.

लग्नानंतर पत्रावळी काकांच्याच वावराच्या कोपऱ्यात खड्डा करून, शेण-माती टाकून जिरवायला घातल्या. परवा काका आणि मी खड्डा उकरून पाहिला. एप्रिलच्या पत्रावळी काळ्या पडून हातात चुरत होत्या, काड्या तेवढ्या शाबूत. काकांनी मूठभर माती उचलून नाकाशी नेली आणि म्हणाले, "पावसाआधी पसरवून टाकू." मागची घाण मात्र अजून वावरात आहे. पहिल्या वखरणीला पुन्हा निघणार. ती आम्ही दोघं आणि आमची माणसं मिळून वेचणार आहोत, शनिवारी सकाळी.

आता पुढच्या वर्षाचं पान या जूनच्या आधी सांगून ठेवायचं आहे. कढीच्या द्रोणाचं काय करू तेवढं सांगा. आमच्याकडे लग्नात कढी नाही असं होत नाही.

नांदेपेऱ्याचा_बाप | २४ मे

ताई, आमचं लग्न पार पडलं. पंगत केली, पळसाचीच पत्रावळ मांडली, अर्धी गावातल्या म्हाताऱ्या बायांनी टाचून दिली. त्यांना टाचताना गाणी आठवली. सोयरे काही बोलले नाहीत. व्याही म्हणाले, लहानपणी असंच जेवायचो.

मोहफूल | २५ मे

कढीसाठी दोन पानांचा द्रोण चालत नाही. मोठ्या पानाचा दुहेरी, देठ कापलेला, मधात जाड कागद असलेला सांगा. आणि वाढायच्या अर्धा तास आधी द्रोणावर पाण्याचा हबका मारून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. वाळलेलं पान काडीच्या भोकाशी तडकतं, तिथूनच गळतं. आमच्या बाया ३० मे पासून पान तोडायला जाणार आहेत, आकडा त्याच्या आधी कळवा.

आर्णीकरीण | २५ मे

पत्रावळ ८०००, कढीचे दुहेरी द्रोण ४०००, साधे ८०००. आगाऊ पैसे सोमवारी टाकते.